कुठली नस, काका?

"डॉक्टर, पायाच्या नसा फार दुखतात हो," काका म्हणाले आणि पोटरीवरून हात फिरवून दाखवला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठली नस, काका?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नस म्हणजे नस, आता तिच्यात कुठली काय?

पुढची दहा मिनिटं डॉक्टरांनी नसेचं नावही काढलं नाही. किती चाललं की दुखतं? नुसतं उभं राहून थांबतं, की बसावंच लागतं? संध्याकाळी पाय सुजतात का, आणि उशीवर ठेवले की बरं वाटतं का? मुंग्या येतात का? शिंकलं-खोकलं की कळ खाली उतरते का? मग पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवून त्या गप्प बसल्या. नाडी शोधत होत्या. काका अस्वस्थ. पोटरी दुखतेय आणि ही पोर पाऊल चाचपतेय!

आरोग्याची माहितीपत्रकं मराठीत उतरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. 'नस' हा शब्द मी आजवर शेकडो वेळा लिहिलाय आणि तितक्याच वेळा खोडलाय. कारण हा शब्द एका गोष्टीचं नाव नाहीच, ते एका वाड्याचं नाव आहे आणि आत सहा बिऱ्हाडं आहेत.

सलाइन लावताना सिस्टर म्हणते "नस मिळत नाहीये", तेव्हा ती हृदयाकडे रक्त परत नेणारी शीर असते. शेजारच्यांच्या हार्टची "नस ब्लॉक" होते, ती रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी. "मणक्यात नस दबली" यातली नस म्हणजे मज्जातंतू, इंग्रजीतली नर्व्ह. रात्री पोटरीत गोळा आला की आजी म्हणते "शिरेवर शीर चढली". तिथे कुणावर कुणीच चढलेलं नसतं, स्नायू आखडलेला असतो. टाचेच्या वर हाताला लागते ती घोडनस ही पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा. आणि नसबंदीतली नस ही शुक्राणू वाहून नेणारी नळी, तिचा वरच्या पाचांशी काहीही संबंध नाही. शिवाय घेवडा निवडताना आपण शिरा काढतो, पिंपळाच्या पानावर शिरा मोजतो. जे जे लांबट, दोऱ्यासारखं आणि आतून जाणारं, ते ते मराठीत शीर किंवा नस.

यातली तीन बिऱ्हाडं प्रत्यक्ष बघायची असतील तर रविवारी चिकन आणाल तेव्हा मांडीचा तुकडा धुण्याआधी जरा उजेडात धरा. हाडालगत मांसाचे दोन पट्टे बोटाने विलग केले की मध्ये एक जोडगोळी दिसते. त्यातली काळपट लाल, चेपली की चपटी होणारी, कधी थेंबभर रक्त सोडणारी ती रक्तवाहिनी. तिच्या शेजारचा पांढुरका, मऊ, गोधडी शिवायच्या दोऱ्याएवढा धागा हा मज्जातंतू. तो कापला तर आत पोकळी नसते. नीट पाहिलं तर बारीक बारीक तंतूंची जुडी असते. आणि खाली नळीच्या टोकाकडे चकचकीत पांढरी, दाताला न तुटणारी दोरी असते ती कंडरा. गावाकडे कोंबडी घरी कापली की पोरं पंजा पळवतात, ही दोरी ओढतात आणि कोंबडीची बोटं मिटताना बघून खिदळतात. नळी, तार आणि दोरी: तीन वेगळ्या वस्तू, आणि नाव एकच.

हे आपलं अडाणीपण म्हणावं, तर ग्रीकांनीही हेच केलं होतं. ज्या 'न्यूरॉन' शब्दावरून आज जगभर न्यूरॉलॉजी चालते, त्याचा जुना ग्रीक अर्थ होता कंडरा, धनुष्याची दोरी. 'नर्व्ह' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ तोच. इसवी सनापूर्वी साधारण ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्यांनी मृतदेह चिरून पाहिले आणि यातल्या काही पांढऱ्या दोऱ्या हाडाला न चिकटता थेट मेंदूकडे आणि पाठीच्या कण्यात जातात हे ओळखलं. वस्तू वेगळ्या झाल्या, नाव मात्र जुनंच राहिलं.

आपल्याकडची गंमत पुढची आहे. 'स्नायू' हा शब्द घ्या. सुश्रुतसंहितेत शरीरात ९०० स्नायू सांगितलेत आणि ते आहेत सांधे बांधणारे बंध. मराठीत स्नायू म्हणजे आज व्यायामशाळेत फुगवतात ते. बंगालीत मात्र स्नायू म्हणजे मज्जातंतू, त्यामुळे कोलकात्याचा 'स्नायूरोगतज्ज्ञ' दंडाचं दुखणं नाही, मेंदूचं दुखणं बघतो. सुश्रुताची 'पेशी' म्हणजे मांसाचा पट्टा, हिंदीत मांसपेशी तशीच राहिली, आणि मराठीने तोच शब्द उचलून सूक्ष्मदर्शकाखालच्या सेलला दिला. हिंदी आरोग्यपुस्तिका मराठीत करायला घेतली की माझा निम्मा वेळ हे सापळे चुकवण्यात जातो.

आता मुख्य मुद्दा. नर्व्हला मराठीत म्हणायचं काय? शाळेच्या पुस्तकात चेता आणि चेतासंस्था आहे. वर्तमानपत्रात आणि दवाखान्यात मज्जातंतू आणि मज्जासंस्था. मराठी विश्वकोश उघडावा तर तिथे तंत्रिका तंत्र. दहावीचं पोर, त्याची आजी आणि त्याच्या घरातला विश्वकोश एकमेकांशी बोलूच शकत नाहीत अशी सोय आपण करून ठेवली आहे.

'मज्जा' हा शब्द मूळचा हाडातल्या मगजाचा. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंतला सहावा. नळी फोडून चोखतात ती मज्जा. मग ती मेंदूच्या खात्यात कशी आली? कारण पाठीचा कणा ही हाडांची माळ, तिच्या पोकळीत मऊ पांढरा गर. बघणाऱ्याला तोही मगजच वाटणार. ग्रीकांनाही वाटला. 'मायलोस' म्हणजे मज्जा, आणि हाच शब्द त्यांनी कण्यातल्या या गराला, म्हणजे मेरुरज्जूला वापरला. म्हणून पोलिओमायलायटिस हा मेरुरज्जूचा आजार आणि ऑस्टिओमायलायटिस हा हाडाचा. पण यामुळे मेरुरज्जूचं दुसरं नाव 'मज्जारज्जू' वाचलं की कुणाला बोन मॅरो आठवतो, आणि 'अस्थिमज्जा प्रत्यारोपण' म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे पाठीच्या कण्याचं ऑपरेशन का?" हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

'तंत्रिका' शब्दशः बरोबर आहे, पण मराठी कानाला तो यंत्रशाळेतला वाटतो. माझं मत 'चेता'ला. त्याचं कारण भाषेतच आहे: आपण चूल चेतवतो, शेकोटी चेतवतो. आणि मज्जातंतूत जे घडतं ते चेतवण्यासारखंच असतं.

तार म्हटलं की आपल्याला विजेची तार आठवते आणि तिथे फसगत होते. तारेत वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाहते. चेतातंतूत तसं वाहत काही जात नाही. दिवाळीतली लवंगी माळ आठवा. पहिली लवंगी फुटते, ती शेजारच्या वातीला पेटवते, ती पुढचीला. पहिल्या लवंगीतली दारू शेवटपर्यंत जात नाही, पुढे जाते ती फक्त पेटण्याची पाळी. चेतातंतूच्या आवरणात बारीक दारं असतात. एक दार उघडलं की बाहेरचा सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलाच, आत घुसतो. त्या धक्क्याने शेजारचं दार उघडतं. माळेशी फरक एवढाच की ही माळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पुन्हा लावायला तयार होते. आणि फुटली तर पूर्ण फुटते, अर्धी फुटत नाही. चिमटा जोरात घेतला की मोठा संदेश जातो असं नाही. तेवढाच संदेश जास्त वेळा जातो.

हे कळलं ते माकुळामुळे. कोकणात तव्यावर परततात त्या माकुळाच्या अंगात एक राक्षसी चेतातंतू असतो, काही जातींत मिलिमीटरभर जाडीपर्यंतचा, माणसाच्या तंतूच्या कितीतरी पट जाड. त्यात सुई खुपसून हॉजकिन आणि हक्स्ले या दोघा इंग्रजांनी या दारांचं गणित १९५२ साली मांडलं आणि १९६३ साली नोबेल घेतलं. दातांचे डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात ते हीच सोडियमची दारं काही काळ बंद ठेवण्यासाठी. दात काढताना दात दुखतच असतो म्हणा ना, बातमी फक्त वर पोचत नाही.

या माळेचा वेग किती असेल? एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर म्हणत होता की हा वेग मोजणं शक्यच नाही. त्याच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला: सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर. माणसाच्या जाड तंतूंत तो १२० मीटरपर्यंत जातो, कारण त्यांच्यावर चरबीचं वेष्टन असतं आणि माळ एकेक लवंगी न फोडता उड्या मारत जाते. बारीक, उघड्या तंतूंत मात्र तोच वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीचा. अंधारात खाटेच्या पायाला करंगळी आपटते तेव्हा वेष्टनवाल्या आणि उघड्या तंतूंच्या वेगांतला फरक तुम्ही स्वतः अनुभवता. आधी सणकन कळ जाते, त्यानंतर क्षणभर शांतता असते आणि तुम्हाला ठाऊक असतं की आता येणार. मग येतो तो खरा ठणका. कळ जलद गाडीने आलेली, ठणका पायी.

एक तंतू संपून दुसरा सुरू होतो त्या जागेला शाळेच्या पुस्तकात 'संपर्कस्थान' म्हणतात. या नावावर माझा राग आहे, कारण तिथे संपर्कच नसतो. मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते आणि रसायन पोहत पलीकडे जातं. ही फट आहे की नाही यावर मोठं भांडण झालं. इटलीचा गॉल्जी म्हणे सगळं एकसंध जाळं आहे, स्पेनचा काहाल म्हणे प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ साली दोघांना नोबेल विभागून दिलं, आणि गॉल्जीने नोबेलच्या भाषणातही काहालचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. खरा ठरला काहाल. त्यापेक्षा 'चेतासंधी' बरा. संधी म्हणजे सांधा, आणि सांध्यात फट असतेच.

फटीवरून आठवलं. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर नसेल. गॅप आलेला नसतो, असलेला कमी झालेला असतो. दोन मणक्यांमधली गादी सुकते, चेपते, हाडं जवळ येतात. गादीचा गर बाहेर डोकावला तर तो शेजारून निघणाऱ्या चेतेच्या मुळावर टेकतो, आणि मग "नस दबली" हे अगदी खरं असतं. अशा एकतीस जोड्या कण्यातून निघतात. मेरुरज्जू मात्र कण्याच्या टोकापर्यंत पुरत नाही, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. खाली नुसता मुळांचा झुपका लोंबतो. शरीरशास्त्रात त्याला अश्वपुच्छ म्हणतात, आणि दिसतोही घोड्याच्या शेपटीसारखाच.

मग पेशंटने दवाखान्यात बोलायचं कसं? चेता म्हणायचं की मज्जा? माझं सांगणं असं की नावाच्या वाटेला जाऊच नका. नावांच्या बाबतीत मराठी गरीब असेल, दुखण्याच्या बाबतीत ती श्रीमंत आहे. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची प्रश्नावली केली, तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द गोळा केले. आमच्या आजीकडे त्यातले निम्मे तरी तोंडपाठ असतील: कळ, चमक, तिडीक, सणक, ठणका, ठसठस, रग, शिणक, उसण, आग, चरचर, मुंग्या, झिणझिण्या. हे नुसते अलंकार नाहीत. तिडीक आणि सणक रेघेसारखी जाते, ती बहुधा चेतेची. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा तर चेतेचेच. रात्री तळपायांची आग होते म्हणणारा मधुमेही माणूस स्वतःच्या बारीक तंतूंची तक्रार सांगत असतो. रग लागते ती स्नायूला. ठसठस नाडीच्या ठेक्यावर चालते, तिथे बहुधा सूज किंवा पू असतो. "नस दुखते" म्हणण्याऐवजी "कंबरेतून तिडीक निघून करंगळीपर्यंत जाते आणि तिथे बधिर वाटतं" एवढं सांगितलंत तर डॉक्टरांना मणका जवळजवळ नंबरानिशी कळतो.

दुखत नाही हेही सांगावं लागतं. कुष्ठरोगात फिकट किंवा लालसर चट्टा येतो, खाजत नाही, दुखत नाही, टोचलं तरी कळत नाही. हा जंतू हातापायांच्या चेतांवर हल्ला करतो. कोपराच्या आतल्या बाजूला जिथे ठोसा बसला की हाताला करंट लागतो, तिथली चेता या आजारात दोरखंडासारखी जाड होऊन बोटाला लागू शकते. म्हणून कुष्ठरोग तपासताना कोपर चाचपतात. वरोऱ्याच्या आनंदवनात आलेल्या कित्येकांच्या हातांची बोटं झडली ती जंतूने खाल्ली म्हणून नव्हे. चटका, जखम, काच काहीच कळत नव्हतं म्हणून.

जुन्या शब्दांपैकी एकावर मात्र विसंबू नका. "अंगावरून वारं गेलं." शब्द सुरेख आहे, अर्धांगवायूतला वायूही त्याच घराण्यातला. पण वाऱ्यावर उपाय म्हणून तेलमालीश, गरम कपडे, दाराला पडदा असं सुरू होतं आणि वेळ जातो. प्रत्यक्षात मेंदूची रोहिणी तुंबलेली किंवा फुटलेली असते. तुंबलेली असेल तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही स्कॅन झाल्यावर. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की आधी गाडी काढायची. नुसत्या चेहऱ्याच्या चेतेचं दुखणं असेल तर ते डॉक्टर सांगतील. आपण घरी ठरवत बसायचं नाही.

आणि कोकणातल्या लाल विंचवाची गोष्ट सांगितल्याशिवाय चेतासंस्थेवर लिहिणं मला तरी जमत नाही. दातांच्या डॉक्टरांचं इंजेक्शन दारं बंद करतं, विंचवाचं विष उघडलेलं दार लवकर मिटू देत नाही. लवंगी माळ पुन्हा पुन्हा फुटत राहते. आपल्या हुकमाशिवाय हृदय, घाम, आतडी चालवणारी स्वायत्त चेतासंस्था बेफाम होते: दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. लोक म्हणत "विंचू चढला", आणि मांत्रिक तो उतरवत बसे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी या पेशंटांच्या उशाशी बसून हे वादळ टिपलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, तोंडाने घ्यायचं औषध त्यावर वापरलं. ते चेतांच्या हुकमाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. जिथे कितीतरी मुलं दगावत, तिथे बहुतेक वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तर काका. पावलाची नाडी चांगली लागली, म्हणजे रोहिणी बहुधा तुंबलेली नव्हती. नुसतं उभं राहून त्यांचं दुखणं थांबत नसे. पारावर टेकावं लागे, किंवा पुढे वाकावं लागे. डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला, "सायकल चालवता?"

"रोज. पाच किलोमीटर. तिथे काही त्रास नाही, चालताना देवळापर्यंत पोचत नाही."

डॉक्टर हसल्या. हँडलवर वाकलं की कण्यातली वाट थोडी रुंदावते, ताठ चाललं की अरुंद होते आणि आतली मुळं आवळली जातात. एमआरआयने तेच दाखवलं. दुखत होती पोटरी, बिघाड होता कंबरेत.

संध्याकाळी शेजारचे अण्णा विचारायला आले. "नस दबलीय," काकांनी सांगितलं, आणि या खेपेला ते शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ती दाखवायला म्हणून त्यांनी लेंगा वर केला आणि पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरेवर बोट ठेवलं.